थोरलीने मांडलेली फरशी

आमच्या घरात दोन सुना. मी धाकटी, ती थोरली. सासूबाई आम्हाला ह्याच नावांनी हाका मारतात, आणि आता शेजारीपाजारीही तसंच म्हणायला लागलेत, त्यामुळे इथेही तेच चालवू. तोंडाळ मी. थोरली गप्प. ती दिवसभरात जेवढं बोलते तेवढं मी दात घासता घासता बोलून टाकते. पण तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे सांगून ठेवते आणि मग पुढचं सांगते.

थोरली टाइलच्या दुकानात कामाला आहे. विकायला नाही. फरशी बसवायच्या आधी ती कशी दिसेल, कुठून सुरू होईल, कुठे संपेल, हे ती मांडून दाखवते. कारण होतं काय, माणसं दुकानात येतात, एक टाइल हातात घेतात, "अय्या, किती गोड!" म्हणतात आणि खोल्याच्या खोल्या भरतील एवढ्या उचलून नेतात. हातात गोड दिसणारी गोष्ट चारी भिंतींवर चढली की अंगावर येते, हे घरी गेल्यावर कळतं. मग रडारड. थोरली पूर्वी तिथे नुसती बिलं करायची. रडत परत येणारी गिऱ्हाइकं बघून बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस तिने एका बाईंना थांबवलं, मागच्या गोदामात नेलं आणि त्यांचं अख्खं न्हाणीघर खडूने जमिनीवर काढलं. दार इथे, नळ इथे, खिडकी इथे. मग भिंतींना टेकवून चार-चार टाइल उभ्या केल्या. बाई त्या खडूच्या न्हाणीघरात शिरल्या, गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "नको गं बाई, इथे माझा जीव गुदमरतो." दुसरी टाइल घेऊन हसत गेल्या. मालक हे सगळं दारातून बघत होते. त्यांनी थोरलीची खुर्ची बिलांच्या टेबलावरून हलवली ती कायमची.

आता तिच्याकडे कॉम्प्युटर आहे. पडद्यावर खोली उभी करते, भिंतींना रंग देते, गिऱ्हाइकाला खोलीभर फिरवून आणते. पण त्याआधी ती गिऱ्हाइकाच्या घरी जाते, टेप लावते आणि मग मधोमध जमिनीवर फतकल मारून बसते. आणि विचारते काय, तर "तुम्ही सकाळचा चहा कुठे बसून पिता?" माणसांना वाटतं, हिला चहा हवाय. बहुतेक घरांत लगेच आधण ठेवतात. बिचारी घरोघरचा चहा पिऊन येते, नाही म्हणायला तिला जमत नाही. तिला जाणून घ्यायचं असतं, की घरातल्या माणसाची नजर सगळ्यात जास्त वेळ कुठे पडते. खोली काही टाइलच्या मापाने बांधलेली नसते, कुठे ना कुठे तुकडे कापून लावावेच लागतात. नजर पडते तिथे अख्खी टाइल आली पाहिजे आणि तुकडे गेले पाहिजेत दाराच्या मागे, फ्रिजच्या खाली, कपाटाच्या पोटात. "तुकडे लपवणं, एवढंच माझं काम," असं ती म्हणते.

हिला कुठे बाहेर न्यायची सोय नाही. हॉटेलात गेलो तर मेनू मी वाचायचा, ही भिंती वाचणार. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात बघायला आली. बाळाला मांडीवर घेतलं, डोळे भरून पाहिलं, "अगदी तुझं नाक आलंय गं," म्हणाली. मला भरून आलं. मग हळूच माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तुझ्या मागच्या कोपऱ्यात बघ. टाइलची दोन बोटांची पट्टी कापून लावलीय. कुणी मांडलं असेल हे?" माझे टाके ओले होते, हसायची बंदी होती. मी उशी तोंडात कोंबून हसले.

तर अशी ही थोरली. आता आईंचं सांगते. आई म्हणजे आमच्या सासूबाई.

आमच्या हॉलची जुनी फरशी मधे फुगून वर आली होती. "बघू, करू, पुढच्या सुट्टीत," असं सगळे म्हणत राहिले, आणि एका सकाळी आई तिला अडखळून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नीट झालं. मग थोडे दिवस त्या आमच्या नणंदेकडे राहिल्या. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "रोज चालल्या तर पूर्वीसारख्या होतील. त्या खोलीतून बाहेर पडल्या पाहिजेत, घरभर फिरल्या पाहिजेत. एकदा पलंग धरला, की मग पलंगच राहील."

थोरलीने हे ऐकलं आणि मनाशी ठरवलं, आई घरी येतील त्या नव्या फरशीवर. आणि फरशी तरी कुठली? आईंना लहानपणापासून काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीची हौस. त्यांच्या शाळेत तशी होती, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर, आणि तिथे उभं राहायला मिळायचं ते फक्त शिक्षा झालेल्या मुलींना. आई मुद्दाम शिक्षा ओढवून घ्यायच्या म्हणे. हे ऐकवून ऐकवून त्यांनी आमचे कान किटवले होते. थोरलीने ते सगळं ऐकून ठेवलं होतं. आईंच्या खोलीत तिने साधी, फिकट, जराशी खरखरीत टाइल घातली, पाय घसरू नये म्हणून. न्हाणीघर त्या खोलीला लागूनच, तिथेही तीच. आणि बाहेर हॉलभर काळ्या-पांढऱ्या चौकटी, सभोवार काळा रुंद पट्टा, आईंच्या दारातही तोच पट्टा. काय सांगू, काय दिसत होती! एकही तुकडा नजरेला पडत नव्हता. बसवणाऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्या चार मिस्त्रींना बघायला आणलं. ते चौघे चपला बाहेर काढून आत आले.

आई चाकाच्या खुर्चीत बसून घरी आल्या. दारात खुर्ची थांबली. आईंनी खाली पाहिलं, इकडून तिकडे पाहिलं आणि थोरलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझी शाळा आणलीस गं," म्हणाल्या. थोरली रडली, आई रडल्या, आणि मी रडत नाही असं दाखवायला खुर्ची ढकलायला लागले.

दुसऱ्या दिवशी आईंनी काठी घेतली आणि आपल्या खोलीत चालायला सुरुवात केली. पलंग ते खिडकी, खिडकी ते कपाट. छान चालल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"आज एवढं पुरे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पाय ओढतोय." मग म्हणाल्या, "हॉलमधला पंखा बोचतो." मग, "माझा चहा इथेच आण बाई, तिथे काय ठेवलंय?" खुर्चीत बसवून नेलं की हॉलमध्ये खुशाल बसायच्या, गप्पा मारायच्या, फरशीचं कौतुक करायच्या. पण पायाने म्हणून यायचं नाव नाही. दारातून बाहेर पाऊल पडेना. खोलीतलं चालणंही हळूहळू कमी झालं, कारण पलंग ते कपाट असं माणूस किती चालणार? जेवण कमी झालं. डॉक्टर येऊन पाय दाबून बघून गेले आणि जाताना त्यांनी मान हलवली. ती मान मला अजिबात आवडली नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं म्हणणं. माझा नवरा म्हणाला, "तिला वाटतंय, आता घरात आपलं काही चालत नाही." थोरलीचा नवरा, म्हणजे भाऊजी म्हणाले, "पडण्याची भीती बसलीय, जाईल."  थोरलीने हॉलच्या भिंतीला धरायला कठडा बसवून घेतला. आईंनी कठड्याचंही कौतुक केलं आणि पलंगावर जाऊन बसल्या. आणि मी? माझ्या नाकावर राग. मी सरळ जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आई, हा शुद्ध हट्ट आहे. तुम्हाला आमच्याकडून सेवा करून घ्यायचीय का? करते मी, पण मग तसं सांगा!" आई म्हणाल्या, "धाकटे, तुझा आवाज रस्त्यापर्यंत जातो." बस्स, एवढंच. मी पाय आपटत निघून गेले.

मी घरी पडदे शिवते. मोठं काम असलं की कापड कापायला हॉलची फरशी लागते. त्या आठवड्यात एका शाळेच्या सभागृहाचे पडदे आले होते, जाडजूड, दुधाळ रंगाचं कापड, संपता संपेना. मी ते आईंच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत सरळ अंथरलं, कडांना वजनं ठेवली, खडूने खुणा केल्या. मुलगी शाळेत गेलेली, घरात आई आणि मी दोघीच. गॅसवर दूध ठेवलेलं. तेवढ्यात कुरिअरवाला आला. मी बाहेर पाऊल टाकून सही केली, आणि मागे दार धाडकन लागलं. लॅच आत. मी बाहेर. दूध गॅसवर.

मी घर डोक्यावर घेतलं. "आई! आई, दूध! आई, दार लागलं!" कुरिअरवाला घाबरून जिन्याने पळाला. मी दारावर थापा मारतेय, खालच्या मजल्यावरच्यांना हाका मारतेय, आणि एकदम लॅच वाजलं. दार उघडलं. दारात आई, हातात काठी.

मी आधी दुधाकडे धावले. गॅस बंद केला, ओट्यावर फेसाची नुसती गंगा झाली होती, ती तशीच सोडली आणि परत आले. मला इतका आनंद झाला होता, इतका, की मी काय करते ते मला कळत नव्हतं. "चाललात! आई, तुम्ही चालत आलात! अख्खा हॉल!" असं ओरडत मी ते कापड गोळा करायला लागले, आईंच्या पायात येऊ नये म्हणून. सगळं गुंडाळून बगलेत मारलं आणि म्हणाले, "चला आता परत, मी बघते."

आई जागच्या हलल्या नाहीत. दाराची चौकट घट्ट धरून उभ्या. चेहरा पांढरा पडला होता.

"धाकटे," त्या हळू म्हणाल्या, "ते कापड परत अंथर."

मला काही कळेना. मी कापड अंथरलं. आई त्यावरून टुकूटुकू चालत खोलीत गेल्या आणि पलंगावर बसल्या. मी त्यांच्या पायाशी बसले. माझं तोंड पहिल्यांदाच बंद होतं, त्यामुळे त्यांना बोलावं लागलं.

"ते काळे चौकोन," त्या म्हणाल्या. "मला ते खड्डे दिसतात गं. खुर्चीत बसले की फरशी दिसते. उभी राहिले, काठी टेकवायला खाली बघितलं, की खोल खड्डे. दारातला तो पट्टा तर विहिरीसारखा दिसतो. डोक्याला कळतं, फरशी आहे, थोरलीने घातलीय. पायाला कळत नाही. पाय उचलतच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? माझ्यासाठी केली तिने. किती जीव ओतला त्यात. तिला सांगू, की तुझी फरशी बघून मला धडकी भरते?" मग त्यांनी माझा हात धरला. "तिला सांगायचं नाही. शप्पथ घे."

शप्पथ घेतली. आता माझ्यासारख्या बाईच्या पोटात गोष्ट ठेवणं म्हणजे काय, ते माझं मलाच माहीत. थोरली समोर आली की मी तोंडात काहीतरी कोंबायची. पण दुसरी एक सोय आम्ही केली. घरातले सगळे कामाला गेले की मी ते पडद्याचं कापड अंथरायची आणि आई त्यावरून चालायच्या. बाहेरच्या दारापर्यंत आणि परत. राणीसारखा थाट. मी पुढे उलटी चालत, आणि त्या मला सूचना देत, "डावीकडे सुरकुती आहे, ओढ." पायात जोर यायला लागला. गाल वर आले. पण मला मनातून धास्ती, कापड एखाद दिवशी सरकलं तर? सतरंज्या-पायपुसणी सगळी उचला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि स्वयंपाकघराकडे वळायला कापड पुरत नव्हतं. आईंची नजर रोज त्या दाराकडे जायची. त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेलं स्वयंपाकघर, आणि आता तिथे आम्ही दोघी काय गोंधळ घालतोय, हे त्यांना नुसतं ऐकावं लागत होतं.

एका दुपारी थोरली लवकर घरी आली. तिच्याकडे किल्ली होती. आम्ही दोघी हॉलच्या बरोबर मधे, आई कापडावर, मी पुढे, आणि दार उघडलं.

 थोरलीने आईंकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, मग कापडाच्या बाहेरच्या फरशीकडे पाहिलं. मी म्हणाले, "अगं, हे कापड मी कापायला..." तिने हातानेच मला गप्प केलं. पिशवी खाली ठेवली. चष्मा काढला. तिचा नंबर जबर आहे, चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस धड ओळखू येत नाही. चष्मा न घालता तिने ती फरशी तोवर कधी पाहिलीच नव्हती. ती तशीच उभी राहिली, खाली बघत. मग तिने एक पाऊल उचललं आणि काळ्या चौकोनावर ठेवता ठेवता ते तिचं तिलाच मागे घेतलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "आई, मी खड्डे खणून ठेवले तुमच्यासाठी."

त्या दिवशी थोरलीला रडताना पाहिलं ते वेगळंच होतं, मला ते बघवेना. आईंनी मला असं काही डोळे वटारून पाहिलं, जणू मीच शप्पथ मोडली. मी म्हणाले, "मी एक शब्द बोलले नाही हं! आयुष्यात एकदा गप्प बसले, तर तेही उपयोगाचं नाही!" त्यावर थोरली रडता रडता फसकन हसली. आईही हसल्या. मग आम्ही आईंना आधी खुर्चीत बसवलं.

थोरली म्हणाली, "उद्या काढून टाकते."

"हात लावून तर बघ!" आई कडाडल्या. "मी खुर्चीतून बघीन. मला आवडते."

"तुम्हाला चालायचंय का बघायचंय?"

"मी कापडावर चालीन."

"कापड सरकतं, आई."

"मग नाही चालणार!"

अशी जुंपली दोघींची. थोरली एवढं बोलू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी मधे पडायला गेले तर दोघी मिळून माझ्यावरच ओरडल्या. संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी एक मार्ग सुचवला. फक्त आईंच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक सरळ वाट फिकट करून घेऊ, बाकी फरशी राहू दे. थोरलीने नाही म्हटलं. "वाट आखून दिली तर त्या तेवढ्याच वाटेवर चालतील. घर त्यांचं आहे. त्यांना खिडकीशी जावंसं वाटलं तर?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून नमुन्याच्या टाइल घेऊन आली, पोतंभर. कॉम्प्युटर उघडलाच नाही. आईंना त्यांच्या दारात काठी धरून उभं केलं, मागे पडल्या तर बसायला खुर्ची, बाजूला मी. आणि थोरली हॉलमध्ये गुडघ्यावर बसून काळ्या चौकोनांवर एकेक टाइल ठेवायला लागली.

"आई, आता काय दिसतं? कशी आहे ते सांगू नका. काय आहे ते सांगा."

चॉकलेटी ठेवली. आई म्हणाल्या, "पायरी. खाली उतरणारी."

निळी ठेवली. "पाणी साचलंय. कुणी सांडलं? धाकटीने असेल."

"मी काय केलं?" मी म्हणाले.

हिरवी. "शेवाळं. मी नाही पाय ठेवणार, घसरेन."

राखाडी. आईंनी डोळे बारीक केले. "खड्डाच आहे. पण मुलांनी अर्धा बुजवलाय."

आम्ही हसून हसून लोळायची पाळी आली. माझा नवरा आला तो खालीच बसला, पोट धरून. मग सगळ्यांनाच चेव चढला. भाऊजींनी लाल ठेवली तर आई म्हणाल्या, "रस्ता बंद आहे." माझ्या मुलीने कुठून तरी ठिपक्यांची आणून ठेवली तर म्हणाल्या, "मुंग्या!" थोरली मात्र हसत होती आणि हसता हसता प्रत्येक टाइल जिथल्या तिथे लक्षात ठेवत होती. शेवटी तिने पोत्याच्या तळातून एक काढली. पांढऱ्याला लागून बसेल अशी, अगदी फिकट मधाच्या रंगाची. दोन-चार चौकोनांवर ठेवली आणि बाजूला झाली.

आई बघत राहिल्या. "ठेव ना," म्हणाल्या.

"ठेवलंय, आई."

"कुठे? तिथे नुसती जमीन आहे."

थोरली गुडघ्यावरच मागे टेकली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून खुर्ची पुढे आणली, आईंना बसवून हॉलमध्ये नेलं, जवळून दाखवलं. मध आणि पांढरा, मध आणि पांढरा. "चौकटी राहतील, आई. शाळा राहील. फक्त खड्डे जातील."

आईंनी वाकून त्या टाइलवर बोट फिरवलं. वाद काही घातला नाही.

मिस्त्री आले आणि ऐकून त्यांचं तोंड उतरलं. "बाई, माझं काम चुकलं का?" थोरली म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. माझी मांडणी चुकली." ते म्हणाले, "असली फरशी मी परत कधी बसवणार? मी नाही फोडणार. दुसरा कुणी बघा." आणि खरंच हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाले. तेव्हा आतून आईंचा आवाज आला.

"मिस्त्री, मला माझ्या स्वयंपाकघरात जायचंय. फोडा."

मिस्त्री थांबले. पिशवी खाली ठेवली. एकही पांढरी टाइल दुखावू न देता त्यांनी सगळ्या काळ्या काढल्या, पट्टा काढला आणि मधाच्या बसवल्या. धुळीने आमचं घर पिठाच्या गिरणीसारखं झालं. आई आपल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या आणि आतून विचारत होत्या, "झालं का? झालं का?" थोरलीला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. शेवटचा काळा चौकोन निघाला तेव्हा तिने तो उचलून हातात धरला, अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली आणि मग टाकायच्या ढिगात ठेवून दिला. मग ती मिस्त्रींसाठी चहा करायला गेली.

सांध्यातलं सिमेंट वाळलं. थोरलीने ठरवलं, संध्याकाळी सगळे घरी आले की आईंना चालवायचं. तिने मनाशी सगळं मांडून ठेवलं होतं, अगदी दुकानात मांडते तसं. आई दारात उभ्या राहतील. ती स्वतः समोर, उलटी चालत. मी डावीकडे, भाऊजी उजवीकडे, मागे खुर्ची घेऊन माझा नवरा. पहिलं पाऊल कुठल्या टाइलवर पडेल, तेही तिने मला दाखवलं. "आणि तू ओरडायचं नाहीस," असं मला दोनदा बजावलं.  ही टाइलही खड्डा दिसली तर, एवढं एकच तिच्या डोक्यात. तिने तोंडाने सांगितलं नाही, पण भाजी चिरताना तिने तीच भाजी परत धुतली, त्यावरून मला कळलं.

दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मी आमटीला फोडणी देत होते, ती माझ्या शेजारी भांडी पुसत होती. दोघींची तोंडं भिंतीकडे. माझं नेहमीचं सुरू होतं, कोण काय बोललं, मग मी काय सुनावलं. थोरली हूं-हूं करत होती.

"मिठाची बरणी गॅसच्या वर कुणी ठेवलीय?" मागून आवाज आला. "वाफेने ओलं होतं मीठ."

"मीच ठेवलीय," मी तिकडे न बघताच म्हणाले. "हाताशी बरी पडते."

"हाताशी काय? सगळे खडे झाले असतील. आणि हा ओटा! दूध उतू गेलेलं अजून कडेला तसंच आहे. कुणी पुसलं होतं?"

"आई, मी घाईत..." आणि मग माझा झारा हातातच राहिला. थोरलीच्या हातातली ताटली तिच्या हातातच राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी मिळून वळलो.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभ्या होत्या. काठी काखेत. दोन्ही हात कमरेवर. मागे अख्खा हॉल रिकामा, उन्हात लख्ख. कुणी धरायला नाही, कुणी बघायला नाही. जिने पाऊल न पाऊल आधी मांडून ठेवलं होतं, तिची तर हॉलकडे पाठ होती.

"आई," थोरली म्हणाली. "आई, तुम्ही... इथवर कशा आलात?"

आईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ह्या पोरीला झालंय तरी काय.

"कशा म्हणजे?" त्या म्हणाल्या. "चालत."